युद्धावर लिहिणाऱ्या आयरिश शिपायाचे चरित्र मराठीत कसे लिहावे

सोलापुरात चरित्रलेखनाची हौस असणाऱ्यांची वाण नाही. महाविद्यालयांची वार्षिके, वाचनालयांच्या व्याख्यानमाला आणि दिवाळी अंक यांतून डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि 1930 चा मार्शल लॉ हे विषय पुन्हा पुन्हा येतात, आणि ते यावेत असेच आहेत. मात्र परदेशी माणसाचे, त्यातही परक्या सैन्यात साधा शिपाई असलेल्या आणि युद्धाविषयी पुस्तके लिहून गेलेल्या माणसाचे चरित्र लिहायला घेतले, की नेहमीची पद्धत अपुरी पडते. अशा माणसाने आपले अर्धे चरित्र स्वतःच लिहून ठेवलेले असते, आणि चरित्रकाराची सर्वांत मोठी दिशाभूल नेमकी तेच करते. ही दिशाभूल टाळून सोलापूरच्या वाचकाला रुचेल आणि पुराव्याच्या कसोटीला उतरेल असा लेख कसा सिद्ध करावा, हे येथे पॅट्रिक मॅकगिल या आयरिश लेखकाचे उदाहरण घेऊन सांगितले आहे.

मॅकगिल हे उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. आयर्लंडच्या वायव्य टोकाला असलेल्या डोनेगल परगण्यात, ग्लेन्टीज गावाजवळ, एका गरीब कुळाच्या घरात ते जन्मले. लहान वयातच ते मजुरीसाठी घराबाहेर पडले, स्कॉटलंडात जाऊन त्यांनी बटाटे काढले, धरणावर आणि रेल्वेमार्गावर खोदकाम केले, पदरमोड करून कवितांचे पुस्तक छापले आणि ते दारोदार फिरून विकले. पुढे ते लंडनमध्ये वृत्तपत्रात लागले, मग विंडसर येथे कॅनन जॉन डाल्टन यांच्या हाताखाली सेंट जॉर्ज चॅपेलच्या ग्रंथालयात काम करू लागले. हे डाल्टन एकेकाळी राजे पाचवे जॉर्ज यांचे शिक्षक होते, हे लक्षात घेतले म्हणजे खोदकाम मजुराने केवढे अंतर कापले होते ते कळते. 1914 मध्ये महायुद्ध पेटल्यावर ते लंडन आयरिश रायफल्समध्ये भरती झाले, 1915 मध्ये फ्रान्समधील लूस येथे जखमी झाले, 1930 मध्ये अमेरिकेत गेले आणि 1963 मध्ये तेथेच वारले. एका आयुष्यात दोन स्थलांतरे, एक महायुद्ध आणि डझनाहून अधिक पुस्तके असा हा ऐवज आहे.

सुरुवात वहीपासून करावी

लेखणी हाती घेण्यापूर्वी एक साधी वही घ्यावी आणि पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात घटना केव्हा घडली ते लिहावे, दुसऱ्यात तिचे वर्णन केव्हा लिहिले गेले ते, आणि तिसऱ्यात ते वर्णन कोणाच्या तोंडून आलेले आहे ते. सर्वसाधारण चरित्रात पहिल्या रकान्यावर भागते. सैनिक-लेखकाच्या बाबतीत मात्र दुसरा रकाना रिकामा राहिला तर लेखाचा पायाच कच्चा राहतो, कारण खंदकात बसून लिहिलेले वाक्य आणि वीस वर्षांनंतर खुर्चीत बसून लिहिलेले वाक्य यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

मॅकगिल यांच्या बाबतीत हा दुसरा रकाना भरणे सोपे आहे, कारण ती माहिती त्यांनी स्वतःच देऊन ठेवली आहे. लूसच्या लढाईवरील ‘द ग्रेट पुश’ हे त्यांचे पुस्तक 1916 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत ते सांगतात, की जवळजवळ सगळे पुस्तक प्रत्यक्ष रणभूमीवरच लिहिलेले आहे. चढाईपूर्वी ले ब्रेबी या खेड्यात काढलेल्या रात्रीचे प्रकरण त्यांनी 25 सप्टेंबर 1915 च्या मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत खंदकात लिहिले, आणि शेवटचे प्रकरण जखमी झाल्यानंतर दोन दिवसांनी व्हर्साय येथील रुग्णालयात लिहिले. ही नोंद वहीत उतरवून त्याच ओळीत मांडून पाहावी: घटनेच्या रकान्यात चढाईपूर्वीची रात्र, लेखनाच्या रकान्यात चढाईची पहाट आणि निवेदकाच्या रकान्यात मॅकगिल स्वतः. पहाट झाल्यावर आपण जिवंत राहू की नाही हे त्या माणसाला ते प्रकरण लिहिताना ठाऊक नव्हते. पुढच्या प्रकरणांच्या लेखकाला ते ठाऊक होते. दोन्ही प्रकरणांतील शांतपणा वरवर सारखाच दिसतो, परंतु त्याचा अर्थ सारखा नाही, आणि हा फरक वाचकाला दाखवून देणे हे चरित्रकाराचे काम आहे.

याउलट बालपणाच्या बाबतीत हे रकाने गुंता दाखवतात. त्यांचे जन्मवर्ष वेगवेगळ्या ठिकाणी 1889, 1890 किंवा 1891 असे दिलेले आढळते. अशा वेळी एक वर्ष निवडून ठणकावून सांगण्याचा मोह आवरावा आणि ‘1890 च्या सुमारास’ एवढेच लिहावे. लेखाच्या पहिल्याच ओळीत जन्मतारीख असलीच पाहिजे, असा काही दंडक नाही.

नायक आणि लेखक यांची गल्लत

मॅकगिल यांच्या बालपणाविषयी मिळणाऱ्या माहितीचा फार मोठा भाग ‘चिल्ड्रेन ऑफ द डेड एन्ड’ या 1914 मधील कादंबरीतून आलेला आहे. कादंबरीच्या नायकाचे नाव डर्मॉड फ्लिन असे आहे. कथेचा बराचसा भाग आत्मचरित्रात्मक असल्याचे लेखकानेच सांगितल्यामुळे पुढच्या अनेकांनी डर्मॉडच्या आयुष्यात जे घडले ते सरसकट पॅट्रिकच्या नावावर जमा केले. आत्मचरित्रात्मक कादंबरी हा पुरावा असतो, परंतु तो साक्षीदाराच्या जबाबासारखा नसतो. कथानकाला गती हवी, प्रेयसी हवी, खलपुरुष हवा, म्हणून लेखकाने कोठे काय जोडले आणि कोठे काय वगळले, हे आपल्याला केवळ कादंबरी वाचून कळू शकत नाही.

हे प्रत्यक्षात कसे हाताळावे याचा नमुना देतो. ‘बाराव्या वर्षी पॅट्रिकला स्ट्रॅबेनच्या बाजारात विकण्यात आले’ हे वाक्य परिणामकारक आहे, परंतु ते लिहू नये. त्याऐवजी असे लिहावे: ‘उत्तर आयर्लंडमधील स्ट्रॅबेन येथे मे आणि नोव्हेंबर महिन्यांत मजूर ठरवण्याचे बाजार भरत, आणि डोनेगलमधील गरीब घरांतील मुले तेथे सहा महिन्यांच्या बोलीवर शेतकऱ्यांकडे कामाला राहत. कादंबरीतील डर्मॉड असाच बाराव्या वर्षी तेथे उभा राहतो, आणि मॅकगिल यांनीही त्याच वयाच्या सुमारास ही वाट धरली होती असे मानले जाते.’ वाक्य लांबले, थोडे थंडही झाले, पण त्यात बाजाराविषयीची माहिती पक्की आहे, कादंबरीचा हवाला कादंबरी म्हणून दिलेला आहे आणि अनुमान हे अनुमान म्हणूनच मांडले आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या वाचकाला हा प्रकार समजावून सांगायला फार कष्ट पडणार नाहीत. मुकादमाकडून उचल घेऊन हंगामापुरती कारखान्याच्या रानात उतरणारी ऊसतोड कामगारांची टोळी येथे सर्वांनी पाहिलेली आहे. डोनेगलहून स्कॉटलंडात बटाटे काढायला जाणाऱ्या टोळ्या याच जातकुळीच्या होत्या. त्यांच्यावरही मुकादम असे, त्यांचाही मुक्काम गोठ्यात किंवा छपरात असे, आणि त्यांतही बायका-मुले असत. ही तुलना लेखात एकदाच आणि मोजक्या शब्दांत करावी. ती लांबवली तर डोनेगलचा पोर डोळ्यांसमोरून नाहीसा होतो आणि लेख ऊसतोडीवरचा होऊन बसतो.

खोदकामाच्या वर्षांसाठी किनलॉकलेव्हन हे नाव टिपून ठेवावे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवण्यासाठी 1905 ते 1909 या काळात तेथे ब्लॅकवॉटर धरण बांधण्यात आले आणि हजारो मजूर पत्र्याच्या व लाकडाच्या झोपड्यांत राहून तेथे राबले. मॅकगिल यांच्या लेखनातील दारू, जुगार, मारामाऱ्या आणि कामावर चिरडून मेलेली माणसे या वातावरणातली आहेत. पुढे खंदकातील चिखल, दाटीवाटीचे जगणे आणि शेजाऱ्याचा अचानक मृत्यू यांचे वर्णन त्यांना जमले, याचे एक कारण मला येथे दिसते: फावडे आणि चिखल त्यांना नवे नव्हते. हे माझे मत आहे, आणि तुमच्या लेखात असे मत आले तर तेही मत म्हणूनच यावे.

लढाईचा भाग कसा लिहावा

लूसची लढाई 25 सप्टेंबर 1915 रोजी सुरू झाली. ब्रिटिश सैन्याने विषारी वायूचा, म्हणजे क्लोरीनचा, पहिला वापर येथेच केला. काही ठिकाणी वारा पुरेसा नसल्यामुळे तो वायू उलट त्यांच्याच सैनिकांच्या अंगावर आला. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून ब्रिटिश बाजूची हानी 50 हजारांहून अधिक झाली. एवढी पार्श्वभूमी एका परिच्छेदात द्यावी आणि सेनापतींच्या डावपेचांत न शिरता थेट शिपायाकडे यावे.

लंडन आयरिश रायफल्स ही 47 व्या लंडन डिव्हिजनमधील तुकडी. चढाईच्या वेळी तिच्या शिपायांनी फुटबॉल पुढे लाथाडत जर्मन खंदकांकडे धाव घेतली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि नेमकी हीच गोष्ट लेखाचा तोल बिघडवते. फुटबॉल पाहिला की लेखकाच्या अंगात वीरश्री संचारते आणि तो पोवाडा लिहू लागतो. मॅकगिल यांनी हा प्रसंग कसा लिहिला आहे ते पाहावे. खंदकातून काखेत चेंडू घेऊन एक पोरगा येतो. याचे काय करणार असे विचारल्यावर तो हसून सांगतो, की हा आम्ही जर्मनांच्या खंदकात मारणार. या सामन्यात जिंकण्याची आशा किती, असे मॅकगिल विचारतात, तेव्हा खेळ झाल्यावरच कळेल असे मोघम उत्तर देऊन तो पुढे जातो. एवढेच. मराठीतही ते एवढेच ठेवावे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या चढाईत मॅकगिल जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्यांपैकी होते. पुढे धावणारा शिपाई समोर पाहतो, तर स्ट्रेचर वाहणारा जेथे माणूस पडला तेथे थांबतो. म्हणून ‘द ग्रेट पुश’ हे पुस्तक जिंकलेल्या जागेविषयी कमी आणि पडलेल्या माणसांविषयी जास्त बोलते. त्यांच्या युद्धविषयक कडवटपणाचा उगम त्यांच्या आयरिशपणात शोधण्यापूर्वी त्यांच्या त्या दिवशीच्या कामात शोधावा. प्रस्तावनेत रणांगणावरील मृतदेह जणू विचारतात, की आमचे हे असे का केले, यातून काय साधले, अशा आशयाचे वाक्य आहे. ते उद्धृत करताना ते नेमके कोणी लिहिले आहे हे वाचकाला आधी सांगितलेले असावे.

शिपायाच्या कथनाची पडताळणी करण्यासाठी प्रत्येक बटालियनची रोजनिशी असते. ब्रिटिश तुकड्यांच्या या युद्ध-रोजनिशा लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अधिकाऱ्याने लिहिलेल्या या नोंदी अगदी कोरड्या असतात: किती वाजता निघालो, कोठे पोहोचलो, किती अधिकारी आणि किती शिपाई पडले. मेलेल्या सैनिकांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. पुस्तकातील प्रसंग आणि रोजनिशीतील वेळ जुळत नसेल तर लगेच लेखकाला खोटे पाडू नये. भर लढाईत मनगटावरच्या घड्याळाकडे अधिकाऱ्याचे लक्ष असते, स्ट्रेचरचे दांडे धरलेल्याचे नसते.

निष्ठेचा प्रश्न

सोलापूरकर वाचक येथे एक प्रश्न हमखास विचारणार: आयरिश माणूस ब्रिटिशांच्या सैन्यात गेलाच का? ज्या गावाने मे 1930 मध्ये मार्शल लॉ सोसला आणि जानेवारी 1931 मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फासावर जाताना पाहिले, त्या गावात हा प्रश्न साहजिक आहे. शिवाय ‘द ग्रेट पुश’ ज्या वर्षी छापले गेले त्याच 1916 च्या एप्रिलमध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला आणि त्याच्या नेत्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यामुळे मॅकगिल यांना एक तर गद्दार ठरवण्याचा किंवा त्यांच्या प्रत्येक कडवट वाक्यात छुपा बंडखोर शोधण्याचा मोह होतो.

दोन्ही टाळावे. पहिल्या महायुद्धात सुमारे 2 लाख आयरिश माणसे ब्रिटिश सैन्यात होती. कोणी होमरूल मिळेल या आशेने, कोणी पोटासाठी, तर कोणी मित्र गेले म्हणून गेले. स्वतः मॅकगिल यांनी 1915 मधील ‘द अॅमॅच्युअर आर्मी’ या पुस्तकात आपण भरती का झालो याचा खल करण्याचे सरळ टाळले आहे आणि फार थोड्यांना ते सांगता येईल असे म्हटले आहे. जे माणसाने सांगितले नाही ते चरित्रकाराने त्याच्या मनात घालू नये. त्याने काय केले ते मात्र लपवू नये: युद्धाच्या पुढच्या काळात युद्धविरोधी वाटणाऱ्या या लेखकाने ब्रिटिश युद्ध कार्यालयाच्या एमआय-सेव्हन-बी या प्रचारलेखन करणाऱ्या शाखेसाठीही काम केले. ही माहिती लेखाच्या मध्यभागी, ठळकपणे यावी. शेवटी तळटीपेत ढकलू नये.

आपल्याकडचे धागे कोठे जोडावेत

परदेशी चरित्र मराठीत आणताना स्थानिक संदर्भ कृत्रिमपणे चिकटवण्याची रीत पडली आहे, आणि ती कंटाळवाणी आहे. या विषयाला मात्र खरे धागे आहेत. ज्या दिवशी लंडन आयरिशची तुकडी लूसवर चालून गेली त्याच दिवशी, उत्तरेला काही अंतरावर, भारतीय सैन्याच्या मीरत डिव्हिजननेही शत्रूचे लक्ष विचलित करण्यासाठी चढाई केली. त्या चढाईत स्वतः जखमी असताना जर्मन फळीसमोरून जखमींना सोडवून आणणाऱ्या कुलबीर थापा या गुरखा रायफलमनला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या महायुद्धात भारताबाहेर लढायला गेलेल्यांत मराठा पलटणीही होत्या, आणि त्यांचे मुख्य रणक्षेत्र मेसोपोटेमिया हे होते.

पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसवलेली दिसते. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तीवर इंग्रजीत कोरलेले असते. संख्या असते, नावे नसतात. फ्रान्समधील भारतीय शिपायांची पत्रे सेन्सॉरने भाषांतरित करून ठेवली म्हणून त्यांतले काही उतारे आज ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात, पण त्यांतली पुष्कळशी पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली आहेत. डोनेगलच्या अर्धवट शाळा शिकलेल्या मजुराला स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या नावाने लिहिता आले, हे मॅकगिल यांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. आपल्या तालुक्यातील अशी एखादी पाटी पाहून तिचा मजकूर अक्षरशः उतरवून घ्यावा आणि लेखात एका ठिकाणी द्यावा.

डॉ. कोटणीस यांचे नाव घ्यायचे असेल तर साम्यापेक्षा फरकासाठी घ्यावे. 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकासोबत स्वेच्छेने चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, तेथेच वारले. दोघांनीही परक्या भूमीवर जखमींची सेवा केली हे खरे. परंतु कोटणीसांची कथा प्रामुख्याने इतरांनी सांगितली, तर मॅकगिल यांची कथा त्यांनी स्वतः सांगितली. पहिल्या प्रकारात चरित्रकाराला भक्तीपासून सावध राहावे लागते आणि दुसऱ्या प्रकारात नायकाच्या वक्तृत्वापासून.

शेवटची तीस वर्षे आणि परवानगीचा प्रश्न

1930 मध्ये मॅकगिल पत्नी मार्गारेट गिबन्स आणि मुलींसह अमेरिकेत गेले. मार्गारेट याही कादंबरीकार होत्या, हे बहुतेक लेखांत राहून जाते, ते राहू देऊ नये. मंदीच्या काळात तेथे त्यांचा जम बसला नाही, आजाराने गाठले, आणि नोव्हेंबर 1963 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर येथे त्यांचे निधन झाले. फॉल रिव्हर हे एकेकाळी सुती कापडाच्या गिरण्यांसाठी अमेरिकेत नावाजलेले शहर. 1920 नंतर तेथील गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. भोंग्यावर चालणारे शहर भोंगा थांबल्यावर कसे होते, हे जुनी मिल आणि लक्ष्मी-विष्णू या कापडगिरण्यांच्या गावातील वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही, म्हणून येथे एक वाक्य पुरे. या तीस वर्षांवर लिहिण्यासारखे थोडे मिळते. जे मिळेल ते दोन परिच्छेदांत द्यावे आणि उरलेली जागा कल्पनेने भरू नये. ग्लेन्टीजमध्ये 1981 पासून त्यांच्या नावाने भरत आलेल्या उन्हाळी व्याख्यानसत्राचा उल्लेख मात्र करावा.

उतारे देण्याविषयी एक व्यावहारिक बाब सांगणे आवश्यक आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. मॅकगिल 1963 मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क भारतात 2023 च्या अखेरीस संपला आहे, आणि त्यातील उताऱ्यांचे मराठी भाषांतर करून छापायला कोणाची परवानगी लागत नाही. ब्रिटनमध्ये ही मुदत 70 वर्षांची असल्याने तेथील प्रकाशनात लेख द्यायचा असेल तर वेगळी चौकशी करावी लागेल. युद्धविषयक पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतात, तेव्हा दुसऱ्याच्या लेखातून उतारा उचलण्याऐवजी मूळ पान उघडून स्वतः भाषांतर करावे. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरील छायाचित्रांचे नियम मात्र प्रत्येक संस्थेचे निराळे असतात. अंक छापायला जाण्याच्या किमान महिनाभर आधी त्यांना पत्र लिहावे, आणि उत्तर आले नाही तर लेख छायाचित्राशिवाय द्यावा.